दिवा मालवल्यावर टाकीत काय चालतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. छापण्यापूर्वी थोडं नीटनेटकं केलं आहे; बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कमिटीने मला वीस मिनिटं दिली आहेत, पण विषय निवडू दिलेला नाही. विषय मुलांनी दिला. आमच्या घरी समुद्राच्या पाण्याची टाकी आहे हे बहुतेकांना ठाऊक आहे. मुलं शाळेतून येताना डोकावून जातात. गेल्या महिन्यात बी विंगमधल्या एका चिमुरडीने विचारलं, "काका, आम्ही गेल्यावर मासे काय करतात?" सचिवसाहेब शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "हाच विषय! रौप्यमहोत्सवात बोला." म्हणून आज हे.

ज्यांनी टाकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साधारण दोनशे चाळीस लिटर पाणी. हे पाणी आपल्या समुद्रातलं नाही. सुरुची बागेच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणता येतील, पण आपलं पाणी गाळाचं. त्यात बोंबील खूश, प्रवाळी मासे नाखूश. म्हणून फिल्टरच्या पाण्यात खास मीठ मिसळून, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने, मी घरीच समुद्र तयार करतो. आत दगड, वाळू, मऊ प्रवाळं, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी, दोन कार्डिनल मासे, एक गोबी, दोन जातींच्या कोळंब्या, शंख, शंखात राहणारे खेकडे. आणि दगडांबरोबर न बोलावता आलेले बरेच पाहुणे. त्यांच्याबद्दल पुढे बोलेनच, कारण रात्र त्यांचीच असते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी उद्या दुकानात जाऊन भलतंच मागेल. चुनखडीचा कठीण सांगाडा बांधणारी प्रवाळं, समुद्रघोडे, समुद्रकाकडी हे सगळं आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. वाघाला हात लावण्यासारखंच आहे ते. माझ्याकडे त्यातलं काही नाही. क्लाउनफिशही समुद्रातून पकडलेले नाहीत, टाकीत जन्मलेले आहेत. त्यांची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने कधीच जमवून दाखवली आहे.

आता प्रश्न. मासे झोपतात का?

झोपतात. डोळे उघडे ठेवून झोपतात, कारण मिटायला पापण्याच नाहीत. पण उघड्या डोळ्यांचा प्राणी झोपला आहे हे ओळखायचं कसं? २००७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात याचा कस लावला गेला. मासा होता झेब्राफिश, आपल्या गंगेच्या खोऱ्यातला, पट्ट्यापट्ट्यांचा, कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळणारा. त्याला रात्रभर जागं ठेवलं, तर नंतर अंधार मिळताच तो जास्त झोपला. म्हणजे रात्रपाळी करून आल्यावर आपण जे करतो तेच.

माझ्या टाकीतले दिवे नऊला मंद व्हायला लागतात आणि साडेनऊला पूर्ण विझतात. गंमत या अर्ध्या तासात असते. त्या वेळी शहाण्या माणसाने टीव्ही बंद करून टाकीसमोर बसावं.

सगळ्यात आधी झोपायला जायची ती पिवळी रॅस. बोटभर लांब, हळदीसारखी पिवळी. ती आज नाही, का नाही तेही सांगणार आहे. ती नऊला, दिवा जेमतेम मंद होत असतानाच, वाळूच्या एका ठरावीक कोपऱ्यावर यायची, दोन क्षण थांबायची आणि डोकं खाली करून सप्‌कन वाळूत शिरायची. काही उरायचं नाही. पाहुण्यांना वाटायचं, मासा गेला कुठे? ती वाळूत रात्रभर आडवी. सकाळी दिवा लागल्यावर बऱ्याच वेळाने बाहेर. विशेष म्हणजे दिवे लांबवले तरी तिची वेळ फारशी बदलायची नाही. पोटातलं घड्याळ तिचं स्वतःचं होतं. परदेशातून आलेला असा मासा पहिले काही दिवस तिकडच्या वेळेने झोपतो-उठतो, हे मासे पाळणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

मग गोबी. हा बिळात राहतो, पण बीळ त्याचं नाही. खणते ती पिस्तूल कोळंबी. तिला दिसतं अगदी कमी. दिवसभर ती बुलडोझरसारखी वाळू बाहेर ढकलते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दारात वॉचमन. त्याने शेपटी हलवली की धोका, कोळंबी आत. ती घर देते, तो पहारा देतो, मेंटेनन्सची थकबाकी नाही. संध्याकाळी दोघं आत जातात आणि दार वाळूने, खड्याने बंद होतं. मग मधूनच रात्री "टक्" असा आवाज येतो. काच तडकली की काय असं वाटावं इतका मोठा. आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आलेले पाहुणे हमखास उठून बसतात. ती नांगी वाजवते. पण आवाज नांगीचा नाही. नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, तो फुटतो, त्याचा हा आवाज. हे २००० मध्ये कळलं. त्या इवल्या बुडबुड्यात एका निमिषासाठी काही हजार अंश तापमान होतं, हे त्याच्या पुढच्या वर्षी. आपल्या दिवाणखान्यात, सोफ्यापासून तीन फुटांवर!

प्रवाळाच्या खऱ्या रांगांमध्ये तर झोपायच्या तऱ्हा याहून न्याऱ्या आहेत. ट्रिगरफिश पाठीवरचा काटा उभा करून स्वतःला कपारीत अडकवून घेतो; ओढून काढता येत नाही. पोपटमाशाच्या काही जाती तोंडावाटे चिकट पारदर्शक पिशवी तयार करतात आणि तिच्यात झोपतात. पूर्वी वाटायचं की हे शिकारी माशांना वास लागू नये म्हणून. २०१०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ही पिशवी हलकेच काढून पाहिली. पिशवीविना झोपलेल्या माशांवर रक्त पिणारे बारीक किडे तुटून पडले. पिशवीवाले बरेचसे वाचले. म्हणजे ती सरळसरळ मच्छरदाणी आहे. सांडोरमध्ये, वाड्या आणि बावखलांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरं, ही झाली झोपणारी मंडळी. साडेनऊनंतर दुसरी पाळी सुरू होते.

कार्डिनल मासे दिवसभर एकाच जागी, जणू दोऱ्याला टांगल्यासारखे तरंगत असतात. मुलं त्यांना "आळशी" म्हणतात. डोळे मात्र केवढे मोठे, ते बघा. अंधार पडला की हे दोघे पसरतात, टाकीभर फिरतात, पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतात. ते आळशी नाहीत, नाइट शिफ्टला आहेत. शिवाय यातला नर अंडी तोंडात सांभाळतो. आठवडाभर, कधी जास्त, उपाशी. हनुवटी फुगलेली दिसली की आमच्या घरी त्याचं कौतुक सुरू होतं.

मग दगडांच्या भेगांतून हात यायला लागतात. ते ब्रिटल स्टारचे. ताऱ्यासारखा प्राणी, पाच लांब सापासारखे हात. धड कधीच दिसत नाही. केसाळ अळ्या येतात, काहींची लांबी वीतभर. पहिल्यांदा पाहून आमच्या सौभाग्यवती दोन दिवस टाकीकडे फिरकल्या नव्हत्या. पण या अळ्या म्हणजे आपले सफाई कामगार. दिवसा माशांनी सांडलेलं अन्न, मेलेलं-सडलेलं, सगळं रात्रीत साफ. काचेवर तांदळाच्या कणीएवढे किडे धावतात, शंख चरतात. दिवसा जी टाकी तुम्हाला पंधरावीस जिवांची वाटते, ती रात्री हजारोंची असते. आपल्या इमारतीचंही तसंच नाही का? दिवसभर शांत दिसते, पण पहाटे चारला दूधवाला, पाचला लोकल पकडणारे, हॉस्पिटलच्या ड्युटीवरून परतणारी ए विंगमधली नर्सताई, आणि गेटवर वॉचमनकाका. त्यांना या रात्री विचारा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं भाषण देतील.

सफाई करणाऱ्या लाल-पांढऱ्या कोळंबीची एक गोष्ट सांगतो. आम्ही लग्नाला गावी गेलो होतो. चावी शेजारच्या आजींकडे. पहाटे सहाला आजींचा फोन, आवाज रडवेला: "अरे, तुझी कोळंबी मेली रे! उलटी पडलीय." मी म्हटलं, "आजी, दगडामागे बघा." पाच मिनिटांनी फोन: "अरे, एक मेली आणि एक जिवंत आहे! तुझ्याकडे तर एकच होती ना?" झालं असं की कोळंबीने रात्रीत कात टाकली होती. मिशांपासून पायांपर्यंत अख्खी, जशीच्या तशी. नवं कवच कडक होईपर्यंत ती मऊ असते, कोणीही खाईल, म्हणून हे काम अंधारात उरकून ती लपून बसते. आपल्या चिंबोऱ्यांचंही असंच. पहिल्या पावसात बत्ती घेऊन रात्री खेकडे धरायला गेलेली माणसं या गच्चीवर बसली आहेत. त्यांना ठाऊक आहे की दिवसा त्याच बांधावर काही मिळत नाही.

आता प्रवाळं. हा भाग जरा लक्ष देऊन ऐका, कारण इथे बहुतेकांचा समज वेगळा असतो. प्रवाळ म्हणजे वनस्पती नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. अंगठीत घालतात ते पोवळं याच घराण्यातलं. रांगा बांधणाऱ्या प्रवाळांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. दिवसा ते उन्हावर साखर तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. सूर्य बुडाला की भाडं बंद. मग यातली कित्येक प्रवाळं आपले बारीक हात बाहेर काढतात. हातांना विषारी डंख, आणि पाण्यातून जाणारं जे सापडेल ते तोंडात. दिवसा गुळगुळीत दिसणारा गोळा रात्री केसाळ होतो. काही जाती तर शेजाऱ्याच्या दिशेने नेहमीच्या हातांपेक्षा कितीतरी लांब लढाऊ हात सोडतात आणि रात्रभर त्याला डंख मारून जागा बळकावतात. पार्किंगच्या भांडणाला आपल्याकडे निदान कमिटी तरी आहे.

माझ्याकडची मऊ प्रवाळं उलट वागतात. रात्री अंग आकसून, मुठी मिटून बसतात. म्हणजे "प्रवाळ रात्री फुलतं" हेही सरसकट खरं नाही. जातीजातीचं वेळापत्रक वेगळं.

आपल्यापैकी पुष्कळजण मालवणला, तारकर्लीला जाऊन आले आहेत. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तोंडाला नळी लावून, डोकं पाण्यात घालून प्रवाळ बघायचं आणि परत येऊन म्हणायचं, "सगळं पाहिलं." दिवसाचं पाहिलं. माझी पिढी तारापोरवाला मत्स्यालयात गेली, १९५१ मध्ये उघडलेलं, मरीन ड्राइव्हवरचं. तिथेही आम्ही दिवसाचेच मासे पाहिले. शास्त्रज्ञांचीसुद्धा गोष्ट काही वेगळी नव्हती. बहुतेक प्रवाळं पिल्लं पोटात वाढवतात, असा समज १९८० पर्यंत होता. मग ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर काही तरुण संशोधक रात्री पाण्यात उतरले. पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, अंधार पडल्यावर, एकामागोमाग एक जाती अंडी आणि शुक्राणूंचे गुलाबी मणी सोडताना त्यांना दिसल्या. खालून वर पडणारा बर्फच जणू. एवढी मोठी घटना, वर्षानुवर्षं तिथेच घडणारी, आणि माहीत नव्हती. कारण माणूस संध्याकाळी घरी जात होता.

प्रवाळासाठी मालवणपर्यंतही जायला नको. मुंबईच्या खडकांवर, वरळीला, हाजीअलीला प्रवाळं आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामात येणारी प्रवाळं काढून कुलाब्याच्या बाजूला नेऊन बसवावी लागली होती, तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. आपल्या वसईच्या किनाऱ्यावर वाळू आणि चिखल जास्त, म्हणून आपल्याकडे कालवं आणि निवट्या.

आता पिवळ्या रॅसकडे येतो.

जुलै २०१८. तो पाऊस इथे कोण विसरला असेल? रेल्वे बंद, रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली. आपल्या तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं होतं आणि ती कुटुंबं वरच्या मजल्यांवर पाहुणी होती. आधी माणसं, मग मासे, हे मी त्या दिवशीही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांची सोय लागली आणि मग टाकीकडे बघायला वेळ मिळाला.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. दिवसा शैवाल प्राणवायू सोडतं. रात्री तेही आपल्यासारखंच श्वास घेतं, म्हणजे प्राणवायू खातं. त्यामुळे टाकीतला प्राणवायू रात्रभर कमी होत जातो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. पाण्याची आम्लता मोजली तरी हा चढउतार रोज दिसतो. हे तुम्ही पाहिलेलं आहे. मे महिन्यात भल्या पहाटे बावखलावर जा. पाणी हिरवंगार असेल, तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतील. ऊन वर आलं की खाली जातात. लोक म्हणतात, मासे खेळतायत. ते खेळत नाहीत, धापा टाकतायत. त्यात खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी प्राणवायू धरतं, आणि कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा कमी. एरवी पंप पाणी ढवळत राहतो आणि पृष्ठभागावरून हवा मिसळत राहते. वीज गेली की ढवळणं थांबतं. दिवसा वीज गेली तर खिडकीतल्या उजेडावर थोडं निभतं. रात्री गेली तर घड्याळ सुरू झालं समजा.

माझ्याकडे सेलवर चालणारा छोटा पंप होता. तो मध्यरात्रीपर्यंत चालला, मग मंदावला. दुकानं बंद, सेल कुठून आणणार? साडेबाराच्या सुमारास टॉर्च मारला, तेव्हा टाकी ओळखू येईना. जे कधी बाहेर येत नाहीत ते सगळे बाहेर. अळ्या दगडांच्या टोकावर. ब्रिटल स्टार, ज्याचं धड मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, तो उघड्यावर. शंख काच चढून पाण्याच्या कडेला. क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून. कुणी कुणाला खात नव्हतं, कुणी कुणाला भीत नव्हतं.

खालच्या मजल्यावरचे अंकल त्या रात्री आमच्याकडेच होते. त्यांचं आयुष्य पाचूबंदरच्या बोटींवर गेलेलं. ते सोफ्यावरून म्हणाले, "पाणी उचल आणि वरून पाड. उंचावरून पाड. थांबू नको." इतकं साधं. तांब्याने पाणी घ्यायचं, हात उंच करायचा, धार सोडायची. प्रत्येक धारेबरोबर हवा आत जाते. अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची दोन कॉलेजची मुलं आली. झोप कोणालाच नव्हती. मग पाळ्या लागल्या. दर वीस मिनिटांनी हात बदलायचा. आजींनी अंधारात गॅसवर चहा केला. कोणीतरी मेणबत्तीत पाळ्यांचा कागद लिहिला, तो मी अजून जपून ठेवला आहे. दोनच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने सांगितलं की त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये अजून थोडा दम आहे. चौघांनी ती बॅटरी जिन्यावरून उतरवली. ती बॅटरी किती जड असते ते उचलल्याशिवाय कळत नाही. पहाटे साडेचारपर्यंत तिने एक पंप ओढला. नंतर पुन्हा तांब्या, अगदी उजाडेपर्यंत.

सकाळी सातपर्यंत क्लाउनफिश खाली गेले होते. गोबी दारात आला. कार्डिनल होते. कोळंब्या होत्या. मुलं एकेकाची हजेरी घेत होती. पिवळी वाळूतून यायची बाकी होती. तिची वेळ अजून व्हायची होती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नऊ वाजले, दहा वाजले. एका मुलाने विचारलं, "वाळू उकरून बघूया का?" पण तळाच्या वाळूत कुजका थर असतो. तो वर आला तर वाचलेलेही गेले असते. दुपारपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं. बाकीचे सगळे धोक्याच्या वेळी वर आले होते. ती आपल्या नेमाप्रमाणे नऊला झोपायला गेली होती, आणि वाळूच्या आत, तांब्याची धार पोहोचत नाही अशा जागी. रात्री तिला जाग आली असेल का, हे मला अजूनही मुलं विचारतात.

दुसरी पिवळी मी आणली नाही. इन्व्हर्टर मात्र आणला.

शेवटची गोष्ट उजेडाची. तीन वर्षांपूर्वी माझ्या क्लाउनफिशच्या जोडीने दगडावर अंडी घातली. नारिंगी दाणे, पाचेकशे तरी असतील. या जातीत बाळंतपण बाप करतो. नर दिवसरात्र पंखांनी वारा घालतो, खराब अंडी तोंडाने काढून टाकतो. आठव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे दिसायला लागले. आणि पिल्लं बाहेर कधी येतात? दिवे विझल्यावर, पूर्ण अंधारात, पहिल्या तास-दोन तासांत. समुद्रात उजेडात बाहेर पडलेलं पिल्लू लगेच कुणाच्या तरी तोंडात जातं, म्हणून अंडं अंधाराची वाट बघतं.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्लाउनफिशच्या काही जोड्यांवर रात्रीसुद्धा मंद दिवा ठेवला. किनाऱ्यावरच्या घरांचा, हॉटेलांचा उजेड पाण्यावर पडतो तितपतच. जोड्यांनी अंडी घातली, अंडी नीट वाढली. पण त्यातून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. एकही नाही. पुढे दिवा काढला, तेव्हा त्याच जोड्यांची अंडी फुटायला लागली.

माझ्या टाकीतही आठव्या रात्री मी खोलीचे पडदे ओढले, फ्रीजचा दिवा लागू नये म्हणून फ्रीज उघडायला बंदी केली. सव्वादहाला लाल टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर पाण्यात डोळ्यांच्या चंदेरी टाचण्या. शेकडो. त्यातली पाच मोठी झाली, आणि त्यातली दोन आज विरारला एका शाळेच्या टाकीत आहेत.

हे सांगण्यामागे माझा थोडा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. रौप्यमहोत्सवासाठी इमारतीवर एलईडीचे मोठे फोकस लावले आहेत. सुंदर दिसतात. वार्षिक सभेत ते कायमचे, रात्रभर ठेवावेत असा ठराव येणार आहे असं ऐकतो. गेटवर, जिन्यात, पार्किंगमध्ये उजेड हवाच. त्याबद्दल दुमत नाही. बायकामुलं रात्री येतात-जातात. माझं म्हणणं फक्त भिंतीवर आणि मागच्या वाडीवर पडणाऱ्या फोकसांबद्दल आहे. माझ्या माशांना मी पडदा लावीन, ते काही अडत नाही. पण मागच्या वाडीला पडदा कोण लावणार? तिथे चिकूवर वटवाघळं येतात, विहिरीकाठी पावसाळ्यात काजवे असायचे. आपण राहायला आलो तेव्हाच्या लोकांना आठवत असतील. रात्री अकरानंतर ते फोकस बंद करावेत, अशी सूचना मी लेखी देणार आहे. अनुमोदन द्यायला कोणी तयार असेल तर जेवणाच्या रांगेत भेटा.

आणि मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मी दिलं. उरलेलं तुम्ही बघायचं. पुढच्या शनिवारपासून, रात्री साडेनऊला, एका वेळी पाच जण. आईबाबांना सांगून यायचं. मोबाइल बाहेर ठेवायचा, त्याचा फ्लॅश चालणार नाही. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद मी लावून ठेवीन. लाल उजेड बहुतेक रात्रीच्या जिवांना फारसा कळत नाही. पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही, तेव्हा "काका, कुठे आहे?" असं विचारायचं नाही. काचेवर टकटक करायची नाही. "टक्" झालं तर घाबरायचं नाही, ती कोळंबी. नावं आत्ता आजींकडे द्या, त्यांनी वही आणली आहे.

वीस मिनिटं झाली. हाउजीची तिकिटं ज्यांनी घेतली नसतील त्यांनी घ्यावीत. मी माईक खजिनदारांकडे देतो.